लॉज कुणाचा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पाखरांवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेतील मित्र तर हसतीलच. परंतु हा लेख पाखरांवर कमी आणि जमाखर्चावर अधिक आहे, तेव्हा माझा थोडाफार अधिकार मान्य व्हावा.

माझे आजोळ तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, उटनूरला. आमच्याकडच्या पुष्कळांना हा मुलूख परका वाटतो. पण 1956 पर्यंत बीदर, गुलबर्गा, नांदेड आणि आदिलाबाद हे सारे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि किनवट तर तोवर आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. भाषावार प्रांतरचना झाली, किनवट नांदेडकडे आले आणि आमचे मामा सीमेपलीकडे राहिले. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि दुकानात गिऱ्हाईक गोंड असेल तर गोंडी, असा त्यांचा व्यवहार. किराणा आणि कापूस हा त्यांचा धंदा. दोन भाषांत वाढल्याचा मला अभिमान वाटत असे. मामांच्या दुकानात अर्धा तास बसले की तो उतरतो.

दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीची पूजा झाली आणि मामांनी तशीच एक दुसरी कोरी वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "तू बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला ना? मग मला एक अंदाजपत्रक करून दे. लॉज काढायचा आहे."

मला वाटले, बसस्थानकाजवळ असतो तसा लॉज. पण मामांची कल्पना निराळी होती. उटनूरहून जन्नारमकडे जाणारा रस्ता कव्वाल व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. हे अभयारण्य 1965 चे. 2012 साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. गाभा आणि भोवतालचा पट्टा मिळून क्षेत्र दोन हजार चौरस किलोमीटरांच्या वर. आता हल्ली हैदराबादेहून तरुण मुले गळ्यात दुर्बिणी आणि हातभर लांब कॅमेरे घेऊन येतात, मामांच्या दुकानाशी चहाला थांबतात आणि विचारतात, इथे जंगलालगत राहायला जागा आहे का? जन्नारमला पर्यटन खात्याचे विश्रामगृह आहे, पण या मुलांना रानाच्या अगदी कडेला, पहाटे दार उघडले की पाखरू दिसेल अशी जागा हवी असते. मामांनी हे हेरले. सहा खोल्यांचा, पक्षी पाहणाऱ्यांसाठीच असलेला लॉज! कल्पना उत्तम आहे, हे मी आजही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामांनी दुकानातल्या गोंड मुलाबरोबर मला जागा पाहायला पाठवले. तो माझ्याच वयाचा, दहावीनंतर शाळा सुटलेला. त्या तीन तासांत मला माझ्या शिक्षणाची पहिली शंका आली. मी पाखरे पाहत होतो, तो ऐकत होता. उंबराच्या झाडाकडे बोट दाखवून तो थांबला. मला काहीच दिसेना. मग राखी धनेशांची जोडी फांदीवरून खाली झेपावली. पुढे कुठेतरी शिक्रा ओरडला. मी वर पाहू लागलो तर तो म्हणाला, "शिक्रा नाही, भृंगराज नक्कल करतोय." आणि खरोखरच शेपटीला दोन लांब तारा लावल्यासारखा तो काळा पक्षी पानांतून बाहेर आला. तारेवर नीलपंख बसला होता. तेलुगूत त्याला पालपिट्टा म्हणतात. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. आमच्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना आनंद व्हावा म्हणून सांगतो, तेलंगणाचा आणि कर्नाटकाचा राज्यपक्षी हा एकच. आपण मराठी लोकांनी हरियल घेतला. राज्ये वेगळी झाली तरी पाखराने दोन्हीकडे नोकरी धरली आहे! असो.

घरी येऊन मी वही उघडली. मामांनी आपल्या परीने आकडे मांडले होते, ते मी नीट लावले. समजा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे सुमारे दीडशे रात्री. सहा खोल्या, म्हणजे नऊशे. त्यातल्या निम्म्या भरल्या तर साडेचारशे. एका खोलीचे जेवणासह अडीच हजार धरले तर जमा होतात अकरा लाख पंचवीस हजार. खर्चाच्या बाजूस बांधकामाच्या कर्जाचे व्याज, आचारी, राखणदार, किराणा, धुलाई, जनरेटरचे डिझेल. आणि अगदी शेवटी, 'हंगामी मजूर' या सदरात, वाट दाखवणारा एक माणूस: रोज पाचशे रुपये. दीडशे दिवसांचे पंच्याहत्तर हजार. म्हणजे पाहुण्याने दिलेल्या शंभर रुपयांतले पावणेसात रुपयेसुद्धा त्याला जात नाहीत, ज्याच्या कानांसाठी पाहुणा इतक्या दूर येणार.

ही झाली मजुरीची गोष्ट. तिच्यावर वाद घालता येतो, मामांनी घातलाही. पण मला खरी अडचण आली ती घसाऱ्यापाशी. आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकवतात की यंत्र झिजते, म्हणून दरवर्षी नफ्यातून घसारा वजा करायचा. न कराल तर तुम्ही भांडवल खाल आणि त्याला नफा म्हणाल. या लॉजचे यंत्र कोणते? खोल्या नव्हेत. खोल्या उटनूरातही आहेत.

धनेशाचेच घ्या. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर कित्येक आठवडे तिला आणि पिल्लांना फळे आणून भरवतो. अशी ढोली तरुण झाडाला नसते. तेव्हा वाळके, पोकळ, म्हातारे झाड हे या धंद्यातले सर्वांत मोलाचे यंत्र. आणि पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी तापवायला लाकूड लागते तेव्हा पहिली कुऱ्हाड कशावर पडते? त्याच वाळक्या झाडावर.

पाखरांचा लॉज चालवणे हे साध्या लॉजच्या पुष्कळदा उलट असते. झाडीझुडपे साफ करून हिरवळ लावली की पाहुण्यांच्या बायकामुलांना बरे वाटते, पण गवतात आणि पाचोळ्यात चरणारी पाखरे निघून जातात. रात्री झगझगीत दिवे नकोत, लाऊडस्पीकर नको, जनरेटर लांब हवा. चहा पहाटे पाचला. उथळ कुंड्यांत पाणी, आणि तेही उन्हाळ्यात, म्हणजे पाहुणे नसतात त्या दिवसांत, अधिक काळजीने. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढायची एक युक्ती छायाचित्रकार करतात. विणीच्या दिवसांत नराला वाटते, दुसरा नर हद्दीत शिरला, आणि तो घरटे सोडून भांडायला येतो. एकदा ठीक. रोज नव्या पाहुण्यासाठी केले तर? लॉजवाल्याने तिथे पाहुण्याला नाही म्हणता आले पाहिजे, आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते.

मी मामांना म्हणालो, "मामा, यात जंगलाचा घसारा कुठे धरू?"

मामा म्हणाले, "जंगल काय माझ्या बापाचं आहे घसारा धरायला?"

घरातले सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री विचार करताना वाटले, मामा किती अचूक बोलले! जंगल त्यांचे नाही म्हणून ते फुकट. मग ते कुणाचे?

कागदावर पाहू. उटनूरचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे जमीन हस्तांतरणाचा 1959 चा विनियम लागू आहे आणि त्याची 1970 ची दुरुस्ती, जिला लोक 'एक-सत्तर' म्हणतात, असे सांगते की अनुसूचित क्षेत्रातील जमीन आदिवासीखेरीज कुणाला घेता येणार नाही. बिगर-आदिवासीने बिगर-आदिवासीलाही विकायची नाही. म्हणजे मामांना लॉजसाठी एक गुंठाही विकत घेता येत नाही. हे मामांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांचा तोडगा तयार होता: जमीन त्या गोंड मुलाच्या वडिलांच्या नावावर, पैसा आपला. "इथे असेच चालते," ते म्हणाले. त्यांचा स्वर फसवणाऱ्याचा नव्हता. हवामान सांगावे तसा होता.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या पहिल्या वर्षाची फी मामांनी भरली आहे. माझे आजोबाही नांदेडकडून एक तराजू घेऊन याच मुलखात आले होते. तेव्हा मी हे जे लिहितो आहे ते परक्या सावकाराविषयी नाही.

उटनूरला जाताना इंद्रवेल्ली लागते. तिथे रस्त्यापासून जवळ एक लाल स्तंभ आहे. 20 एप्रिल 1981 रोजी आपल्या जमिनींचे पट्टे मागण्यासाठी जमलेल्या गोंडांवर तिथे पोलिसांनी गोळीबार केला. त्याच्या चाळीस वर्षे आधी, 1940 साली, जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारले गेले. त्या लढ्याचे मूळ कशात होते? निजामाच्या जंगल खात्याने राने राखीव केली, गोंड-कोलामांची शेते त्या रेषेच्या आत सापडली, आणि स्वतःच्या गावात ते अतिक्रमणदार ठरले. विशेष म्हणजे त्याच दशकाच्या आरंभी, 1931-32 मध्ये, सलीम अलींनी निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली होती. पाखरांची मोजदाद आणि माणसांची हकालपट्टी एकाच राज्यात मागेपुढे झाली. यात सलीम अलींचा काही दोष नाही. पण उटनूरच्या म्हाताऱ्या गोंडाला 'राखीव' हा शब्द ऐकून काय आठवत असेल, ते आपण समजून घ्यावे.

भीमांच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या प्रश्नाचा अभ्यास करायला बोलावले. तो मार्लवाईला गोंडांत राहिला, जमिनी परत मिळाव्यात म्हणून त्याने सरकारकडे खटपट केली, आणि गोंडी शाळा काढल्या. त्या शाळांची गोंडी पुस्तके देवनागरीत छापली होती, ही गोष्ट आम्हां मराठी वाचकांना ठाऊक असायला हरकत नाही.

आता अलीकडचे. मे 2025 मध्ये तेलंगणा सरकारने शासकीय आदेश क्रमांक 49 काढून आसिफाबादकडील सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर जंगल 'कुमरम भीम संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर केले. 2016 पर्यंत तो भाग आदिलाबाद जिल्ह्यातच होता. हेतू असा की ताडोबाचे वाघ कव्वालकडे ज्या वाटेने येतात ती वाट सुरक्षित राहावी. हेतूविषयी माझे दुमत नाही. टिपेश्वरचा एक वाघ 2019 साली आदिलाबाद जिल्ह्यातून चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाघाला राज्याची सीमा कळत नाही आणि त्याला वाट ही लागतेच. परंतु आदेशाविरुद्ध आदिवासी संघटना उठल्या, बंद झाला, आणि जुलै 2025 मध्ये सरकारने आदेश स्थगित ठेवला. ज्यांच्या नावाने क्षेत्र केले त्या कोमराम भीमांच्याच लोकांनी ते नाकारले!

कायदा काय म्हणतो ते मी ग्रंथालयात बसून वाचले. वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम 36-क हे 2002 च्या दुरुस्तीने आले. त्यानुसार संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करायचा असतो, आणि नंतरच्या व्यवस्थापन समितीत त्या क्षेत्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. अभयारण्यापेक्षा ही तरतूद पुष्कळ सौम्य आहे; निदान शब्दांत तरी ती गावाला खुर्ची देते. पण खुर्ची आधी द्यायची की आदेश आधी काढायचा, यात सगळे आले. माझ्या मते सरकारने आणि माझ्या मामांनी एकच चूक केली. दोघांनीही वही आधी लिहिली आणि ज्याची जमीन त्याला शेवटी सांगितले.

कुणी म्हणेल, वाघ आणि गिधाडे वाचवायला वेळ नाही, आणि तू सभा-समित्यांच्या गोष्टी सांगतोस. त्यांना मी बेज्जूरकडे पाहायला सांगेन. त्या जंगलातील पालारापू कड्यावर 2013 साली लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आढळली. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने भारतातली गिधाडे जवळजवळ संपली होती. 2006 साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. अशा काळात तो कडा म्हणजे ठेवाच. पण त्याच मुलखात, कागजनगरच्या जंगलात, जानेवारी 2024 मध्ये विष घातलेले जनावर खाऊन वाघ मेले. विष गिधाड आणि वाघ असा भेद करत नाही. आणि नोव्हेंबर 2020 मध्ये त्याच भागात वाघाने एका महिन्यात दोन तरुण माणसे मारली होती, हेही विसरून चालणार नाही. गाय गमावलेल्या माणसाने मेलेल्या जनावरात विष घालायचे की नाही, हे हैदराबादेत ठरत नाही. ते त्याच्या अंगणात, त्या रात्री ठरते. त्याला भरपाई किती लवकर मिळाली आणि जंगलातून त्याच्या घरात काही येते की नाही, यावर ठरते.

मग दुसरीकडे कुणी हे केले आहे काय? आपल्या कर्नाटकात गणेशगुडीला, सुपा धरण बांधताना स्फोटके ठेवायची जी इमारत होती, तिथे जंगल लॉजेस या सरकारी कंपनीचा मुक्काम आहे. पाण्याच्या कुंड्यांवर पाखरे येतात आणि छायाचित्रकारांची रीघ लागते. व्यवस्था चोख. पण मालक सरकार. ओडिशात चिलिका सरोवराकाठी मंगलाजोडीचे लोक पूर्वी बदके मारून विकत. आता तेच नावा वल्हवून पाहुण्यांना बदके दाखवतात. मला सर्वांत पटते ते अरुणाचलातील ईगलनेस्टचे उदाहरण. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांना तिथे 1995 साली एक अनोळखी पक्षी दिसला. 2006 साली तो शास्त्राला नवा म्हणून त्यांनी जाहीर केला, आणि त्याला नाव दिले तिथल्या बुगुन जमातीचे. पक्षी इतके थोडे की नमुन्यासाठी एकही मारला नाही; पिसे आणि छायाचित्रे यांवर काम भागवले. तिथे पक्षी पाहणाऱ्यांचा तळ बुगुन लोकांना बरोबर घेऊन उभा राहिला, आणि 2017 साली बुगुनांनी आपले जंगल आपण होऊन सामुदायिक राखीव म्हणून दिले. आदिलाबादेत 'राखीव' म्हटले की बंद होतो आणि तिथे लोक स्वतः राखीव करतात. दोन्हीकडे आदिवासी, दोन्हीकडे जंगल. फरक वहीचा आहे.

मामांचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. ते म्हणाले, "गावाच्या हाती दिलास तर पहिल्या वर्षी भांडण आणि दुसऱ्या वर्षी कुलूप." हे अगदीच खोटे नाही. आपल्याकडच्या सहकारी संस्थांची दुर्दशा आपण पाहतोच. शहरी पाहुण्याचे नखरे, फोनवरचे बुकिंग, उधारी वसूल करणे, हे गावाला येत नाही आणि मामांना येते. पण उटनूरलाच आदिवासी महिलांची एक सहकारी संस्था मोहाच्या फुलांचे लाडू करून विकते, आणि ती चालते. जमत नाही असे आधीच का धरायचे?

म्हणून मी दोन अंदाजपत्रके केली. पहिले मामांचे, जसेच्या तसे. दुसरे माझे. त्यात लॉजची मालकी गावाच्या सहकारी संस्थेची. जमीन गोंडाची, कागदावरही आणि खरोखरही, आणि तिचे भाडे त्याला. भांडवलासाठी एकात्मिक आदिवासी विकास संस्थेकडे अर्ज. तिचे कार्यालय उटनूरलाच आहे. वाट दाखवणारा मजूर नव्हे, सभासद. खोलीच्या प्रत्येक रात्रीमागे दोनशे रुपये घसारा, म्हणजे वर सांगितलेल्या हिशोबाने वर्षाला नव्वद हजार: उन्हाळ्यात पाणी, वणव्याविरुद्ध जाळरेषा, आणि वाघाने जनावर मारले तर सरकारी भरपाई येईपर्यंत त्या घराला हातउसने. पाणी सौरबंबाने तापवायचे, वाळके झाड तोडायचे नाही. मामांचे नाव मालक म्हणून कुठेच नाही. किराणा पुरवणारे आणि बुकिंग पाहणारे म्हणून ते कमिशनवर.

निघायच्या आदल्या रात्री मी हे त्यांना वाचून दाखवले. मामी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग "पुस्तकी आहेस," एवढेच म्हणाले आणि वही घेऊन आत गेले. सकाळी तो गोंड मुलगा मला बसवर पोहोचवायला आला. मी त्याला सगळे सांगितले आणि विचारले, तुला काय वाटते? तो म्हणाला, "आमच्या नावावर यापूर्वीही जमिनी झाल्यात. बांधावर मात्र आम्हांला कुणी उभे केले नाही." मग बस आली.

परत येऊन तीन आठवडे मामांचा फोन नव्हता. आई काळजीत होती. फीचा पुढचा हप्ता तिच्याही मनात असावा. गेल्या रविवारी फोन आला. कापसाचा भाव, मामीची गुडघेदुखी, सगळे बोलून झाले. शेवटी मामांनी विचारले, "त्या तुझ्या दुसऱ्या वहीत माझे कमिशन किती टक्के धरले आहेस?"